फरशी तीनदा धुवा

अहो,

मी ठाण्याला माहेरी अण्णांकडे चालले आहे. इथल्या डॉक्टरांनी चार टाके घातले. न्हाणीत पडलात का म्हणून विचारलं, मी नाही म्हणाले.

काल तांब्या फेकून माझं डोकं फोडलंत आणि शेजारी यायच्या आत रक्त पुसायला अख्खी फिनेलची बाटली ओतलीत. जन्मात पहिल्यांदा फडकं हातात धरलंत, तेही गावाकडच्या सारवणासारखं फिरवलंत आणि फिनेल फरशीवर तसंच वाळू दिलंत. शेण वाळू द्यायचं असतं, फिनेल नव्हे. मनी त्यावरून चालली, पंजे चाटले आणि सकाळी तिच्या तोंडाला फेस आला.

तिचे पाय धुऊन तिला पिल्लांसकट गॅलरीत ठेवलं आहे. पिल्लांचे डोळे उघडले नाहीत, म्हणून नेता येत नाही. फरशी साध्या पाण्याने तीनदा धुवा, कोरडी करा, मगच दार उघडा.

तांब्या मी नेते आहे. चेपलेली बाजू अण्णांना दाखवायची आहे. मनीला काही झालं, तर तोच घेऊन परत येईन. माझा नेम तुमच्यापेक्षा बरा आहे.

कुमुद