तक्त्याची शेवटची ओळ

४ जून, सोमवार
चष्म्याच्या दुकानात आजपासून कामाला लागलो. मागच्या खोलीत घासायचे चाक आहे. त्यावर भिंगे घासून फ्रेममध्ये बसवायची. दुकानाच्या मालकांनी, म्हणजे उस्तादांनी, दाखवलेले सगळे मी वहीत क्रमाने उतरवले. ते हसून म्हणाले, अरे, हाताला शिकव, वहीला काय शिकवतोस! काउंटरवरच्या मावशींनी न मागता चहा दिला. डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता रोज सकाळी मी पुसायचा. इथे माझे छान जमेल.

९ जून, शनिवार
पुसता पुसता तक्ता पाठ झाला. शेवटची बारीक ओळ ट, म, ग, ल, न. सकाळी बोटांचे सांधे आखडतात. डोळ्यांत कण खुपतात. उस्ताद म्हणाले, काचेची पूड, सगळ्यांनाच होतं. डोळे धुतले. कण निघत नाहीत.

१८ जून, सोमवार
डावा डोळा लालभडक. उस्तादांनी तक्त्यासमोर बसवले. खालच्या दोन ओळी दिसत नव्हत्या. नोकरी जाईल या भीतीने पाठ म्हणून दाखवल्या. ते म्हणाले, नजर तर घारीची आहे लेका!

२३ जून, शनिवार
मावशींनी हट्टाने डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांच्या भिंतीवरही तोच तक्ता. तिथेही म्हणून दाखवला. त्यांनी पापणीत कागदाची पट्टी अडकवली. पाच मिनिटांनीही ती कोरडीच, डोळ्यात पाणीच नाही. मग माझी बोटे दाबून पाहिली. म्हणाल्या, पूडबीड काही नाही. शरीराची राखण करणारी शक्तीच तुमच्यावर उलटली आहे. सांधे आणि डोळे, दुखणं एकच. रक्त तपासायला घेतले, औषध दिले. बजावले की ठणका लागला किंवा अंधूक दिसलं तर त्याच तासाला या.
अंधूक दिसतेच आहे, हे मी सांगितले नाही.

२५ जून, सोमवार
ठणका कपाळापर्यंत. आरशात पाहिले. डोळ्याचा पांढरा भाग विरलाय, आतले निळसर काहीतरी दिसते आहे. उद्या जाईन. तक्ता वाचला, सगळा आला. म्हणजे नजर अजून —

२६ जून, मंगळवार
गेलो नाही. आता उजवाही ठणकतो. तक्ता पुन्हा सगळा आला. दिसला, की नुसता आठवला — कळत नाही.

२७ जून, बुधवार
मोठ्याने वाचत होतो. ट, म, ग — मावशी मागून ओरडल्या, अरे, तक्ता मघाशीच उतरवलाय, कोरी भिंत काय वाचतोस!
गाडी आणायला धावल्या. सांगून गेल्या, डावा झाक, उजव्याने दाराकडे बघत राहा, मी आलेच.
झाकला. दारात ऊन होते. मग —
मावशींचा आवाज, चल, ऊठ. अगदी जवळून. दारातून येताना दिसल्या नाहीत.
उजवा उघडाच आहे. मी उघडाच ठेवला —