अब्बांची बिनछपराची गाडी

रविवार, २ फेब्रुवारी २०१४

दोन सीट! घरात माणसं चार आणि माझे सासरे गाडी घेऊन आले दोन सीटची!

माझ्या नवऱ्याने, फहादने दोह्याहून फोनवर स्पष्ट सांगितलं होतं — शाजियासाठी गाडी बघा, तिला तळोज्याच्या शाळेत शिकवायला जाताना रोज दोन रिक्षा बदलाव्या लागतात. माझं लायसन्सही गेल्या महिन्यात आलं. अब्बा म्हणाले, मी बघतो, तीस वर्षं मस्कतमध्ये ड्रायव्हरी केलीय. बघून आणलं काय? लाल, बुटकी, जुनी, कापडी छपराची! बटण दाबलं की छप्पर घडी होऊन मागे डिकीत. गल्ली गोळा झाली. अब्बांनी अकरा वेळा बटण दाबलं, मी मोजलं. अम्मी दारातूनच म्हणाल्या, "या वयात हे काय खूळ?"

मी चावी मागितली. "आज नको बेटा. आधी मी तिचा मिजाज बघतो."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

गाडीचे गुण मला आता पाठ झालेत. रोज चहाबरोबर तेच! छप्पर पंधरा सेकंदांत उघडतं. वजनाला हलकी, मोहल्ल्याच्या बोळातूनसुद्धा अलगद वळते. पेट्रोल कमी पिते. सीट इतकी खाली की शेजारच्या रिक्षावाल्याचे गुडघे दिसतात — हाही म्हणे गुणच! छप्पर डिकीत गेलं की माझ्या लेकीचं, सायमाचं दप्तरही तिथे मावत नाही, हे मात्र कोणी बोलत नाही.

आज मला शाळेत पोचवायला अब्बाच गाडी घेऊन निघाले; कळंबोली सोडल्यावर रस्ता मोकळा होता. ओढणी उडाली, वारा थेट तोंडावर आला आणि मी हसले. अब्बांना हे सांगणार नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

अब्बा रोज शाळेत सोडतात आणि अख्खा रस्ता माझी तोंडी परीक्षा! "डावीकडे काय, शाजिया?" ट्रक आहे, अब्बा. "आता?" रिक्षा. "आता?" म्हैस! अहो, बाई मी की तुम्ही? म्हणे, चालवायचं तर नजर तयार हवी. मग द्या ना चावी! "अगले जुम्मे को, इन्शाअल्लाह."

छप्पर तरी लावा म्हटलं. तळोज्यात शिरलं की केमिकलचा वास डोक्यात जातो. धूळ एवढी की सातवीतल्या मुलींनी विचारलं, "मॅडम, आज पावडर जास्त झाली का?" तर म्हणे, "बंद गाडीत मला चालवता येत नाही." चालवता येत नाही! मस्कतमध्ये काय उंट हाकत होते?

सोमवार, १० फेब्रुवारी

सायमा रडून रडून लाल झाली. एक फेरी मागत होती बिचारी, गल्लीच्या टोकापर्यंत. "पुढच्या सीटवर लहान मूल नको." अहो, मागे सीट आहे कुठे? ज्यांनी हिला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून पनवेलभर फिरवलं, तेच हे! नातीपेक्षा गाडी प्यारी झाली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

डाव्या बाजूला तिसरा ओरखडा. अब्बांचं उत्तर तयार असतं — मस्कतमध्ये स्टिअरिंग डावीकडे, तीस वर्षांची सवय, इथे त्या बाजूचा अंदाज चुकतो. सगळे हसतात. पहिल्या दिवशी तर ते खरंच डाव्या सीटवर जाऊन बसले होते आणि स्टिअरिंग शोधत होते! मीही हसले होते. आता हसू येत नाही. गाडी माझ्यासाठी आली होती ना?

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

दुसरा जुम्मा आला. चावी नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज ठरवलंच होतं, तोंड उघडायचं नाही. "डावीकडे काय?" गप्प. "शाजिया, डावीकडे?" मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसले.

बाजाराच्या वळणावर धाड! भाजीवाल्या गोदूबाईची वांग्यांची टोपली चाकाखाली. ती स्वतः हातभर अंतरावर. "दिसत नाय का रं तुला? मेले असते मी!" ती ओरडत होती. अब्बा उतरले, रस्त्यावर गुडघे टेकून वांगी गोळा करायला लागले. कोणीतरी म्हणालं, "चाचा, हे मस्कत नाय!" लोक हसले. अब्बाही हसले.

त्यांच्या डाव्या बाजूला तीन वांगी तशीच पडली होती. त्यांनी ती उचललीच नाहीत.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

मुद्दाम चहाचा कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला, आवाज न करता. पाच मिनिटं पेपर वाचला त्यांनी. मग म्हणाले, "चहा नाही दिलास, बेटा?"

मी कप उचलून उजवीकडे ठेवला. त्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि सगळं सांगितलं.

डावा डोळा मस्कतमध्येच गेलाय. दोन वर्षं झाली. म्हणून कंपनीने घरी पाठवलं. अम्मींना माहीत नाही, फहादला माहीत नाही. "सायमाला म्हणून तर कधी बसवलं नाही," म्हणाले.

मग मी ओरडले. सासऱ्यांवर, आयुष्यात पहिल्यांदा. गोदूबाई मेली असती! आणि मी? मी रोज त्याच बाजूला बसते! मला का बसवलंत? मान खाली घालून म्हणाले, "तू डावीकडचं सांगतेस म्हणून. बेटा, ड्रायव्हर आहे मी. दुसरं काय येतं मला?"

रडू आलं मला. राग मात्र गेला नाही. अजूनही गेलेला नाही.

चावी त्यांनी कपाशेजारी ठेवली. घरात त्यांनी स्वतः सांगायचं, हे मी कबूल करून घेतलं.

शनिवार, १ मार्च

आज मी चालवली. अब्बा डाव्या सीटवर. निघताना मी छप्पर लावायला बटणाकडे हात नेला, तर म्हणाले, "राहू दे. उघडं असलं की डावीकडून काय येतंय ते ऐकू येतं. नाहीतर ही गाडी कशाला घेतली असती?"

कळंबोलीला मी विचारलं, "अब्बा, डावीकडे काय?"

त्यांनी दोन्ही डोळे मिटले. "रिक्षा."

रिक्षाच होती.