गुंडाळण्याचं काम

३ मार्च, मंगळवार
सुरी ओली करून सुशीचा रोल पुन्हा कापला. भात डावीकडे, काकडी उजवीकडे, नोरीचा, म्हणजे समुद्री शेवाळाचा, काळा कागद मध्ये एकटा. बायको दारातून बघत होती. म्हणाली, भात मात्र सुरेख झालाय, शीत न् शीत मोकळं. लग्नानंतरचं पहिलं कौतुक. सुशीसाठी भात चिकट लागतो, हे तिला सांगितलं नाही.

४ मार्च, सकाळ
कापडाचं दुकान गुंडाळलं, तेव्हापासून मेहुणा मागे लागलाय. त्याच्या गोडाऊनवर सुपरवायझर म्हणून या म्हणतो. रविवारी जेवायला येणार, उत्तर घेऊन जाणार. उत्तर त्याला ताटातच मिळेल. घरून सुशीच्या ऑर्डर्स. इथे कोणीच करत नाही. म्हणजे मागणी प्रचंड असणार. शिवाय आयुष्यभर कापडाचे तागे गुंडाळले. भात काय चीज आहे.

५ मार्च
चिकट तांदूळ आणला. फारच चिकटला. हात, नळ, चष्मा, फोन. व्हिडिओतला माणूस बोटं ओली ठेवायला सांगत होता, तेव्हाच तो भाताखाली गेला. बायको म्हणाली, आधी स्वतःला सोडवा, मग सुशीचं बघा. दुर्लक्ष केलं.
निश्चय: रोज पहाटे सराव.

६ मार्च, उशिरा
पहाटे सराव झाला नाही. कारागिराला झोपही लागते.
रोल वळायची बांबूची चटई कुठेच मिळाली नाही. घरातली बसायची छोटी चटई धुऊन वापरली. तिचा हिरवा रंग भाताला लागला. दिसायला आकर्षक.

७ मार्च, शनिवार
आज एक रोल उभा राहिला. बायकोला हाक मारली. ती येईपर्यंत तो बसला. मी म्हणालो, गुंडाळणं जमायला लागलंय. ती म्हणाली, ते तुम्हाला आधीपासूनच जमतं. दुकानाबद्दल नसावं.

८ मार्च, रविवार
मेहुणा आला. पहिला तुकडा तोंडात टाकला. चावत राहिला. चावतच राहिला. चव जिभेवर रेंगाळतेय, असं मी समजलो. मग तो म्हणाला, दाजी, यातलं प्लॅस्टिकही खायचं असतं का?
भात चिकटू नये म्हणून चटईवर अंथरलेलं प्लॅस्टिक रोलच्या आत गेलं होतं. ते कसं वेगळं ठेवायचं, हे व्हिडिओच्या शेवटी असणार. शेवटपर्यंत पाहायचं राहिलं. तांदळाचा दोष.
बायको हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. मेहुण्याने चूळ भरून विचारलं, मग उद्यापासून येताय ना? माझ्याआधी तीच बोलली. म्हणाली, विचार करू दे त्यांना, एवढी काय घाई आहे.
मी म्हणालो, येतो. तात्पुरता. ऑर्डर्स सुरू होईपर्यंत.
दोघंही बरं म्हणाले. फार पटकन म्हणाले.

९ मार्च, सकाळ
बायकोने डबा दिला. उघडून पाहिला. कालचाच भात, बोटांनी सुटा करून तेलावर परतलेला. सोबत ती चटई, दुपारी बसायला. तिनेच गुंडाळून दिली. गोडाऊनपर्यंत काखेत होती. सुटली नाही.