मांडीला काळी चटणी

आत्याबाई, आज घरात मटण भाजलं आणि बोकडाच्या मांडीला मी काळी चटणी लावली. दर वेळी लावते. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली तरी लावताना अजून हात जरासा थांबतो, नजर दाराकडं जाते, आणि मग मी मुद्दाम चार बोटं जास्तच लावते. आज मात्र नवीनच प्रकार झाला. माझी नातसून, सांगली शहरात वाढलेली पोर, तिनं बाटलीतला टोमॅटोचा सॉस आणून ताटात ओतला आणि मांडीचा तुकडा त्यात बुडवून खायला लागली. सगळ्यांनी घास थांबवले आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागले, म्हातारी आता काय बोलते म्हणून. मी म्हटलं, खा बाई, जीभ तुझी आहे. ती खुशाल खात बसली. मी आत आले आणि तुमच्याशी भांडायला कागद घेतला. सासू म्हणून तुम्ही समोर होतात तेव्हा निम्मं भांडण पोटातच राहिलं होतं.

मी माणदेशातली, म्हसवडकडच्या कोरड्या रानातली. आमच्याकडं बाजरीची भाकरी आणि कारळ्याची चटणी यावर माणसं जगतात, आणि वर्षाकाठी कधी मटण झालंच तर त्यालाही तीच चटणी. कारळं भाजायची, लसूण, तिखट, मीठ घालून उखळात कुटायची, वर कच्चं तेल. काळी कुळकुळीत दिसते, पण भाजलेल्या मटणावर तिच्यासारखी दुसरी नाही, हे मी आजही छातीठोक सांगेन. तुमचं घर आष्ट्याकडचं, उसाचं. इथं मटणाचा एकेक तुकडा आपली चटणी ठरवूनच जन्माला आलेला. कोंबडी भाजली तर हिरव्या मिरचीचा खर्डा. कलेजीला नुसतं मीठ. मांडीला लाल मिरची आणि लसूण पाट्यावर वाटून, मटण शिजलेल्या अळणी पाण्यात सैल केलेली चटणी. मामंजी परसात बाभळीच्या निखाऱ्यावर सळया फिरवायचे, अर्ध्या कांद्यानं तेल फासायचे, आणि तुम्ही चुलीपाशी पाटावर बसून कुठल्या ताटात काय जाईल ते ठरवायच्या. मामंजींचीसुद्धा बिशाद नव्हती खर्डा मांडीला लावायची.

आणि मीठ. मी काहीही वाटलं तरी वाटी तुमच्यापुढं धरून ‘मीठ बघा’ म्हणायचं, तुम्ही करंगळी बुडवून जिभेला लावायची आणि म्हणायचं, कमी हाय. एकदा तरी पुरेसं झालं असेल तर शपथ. पुढं पुढं मी ठरवून जास्त घालायला लागले, तरी कमीच. दुष्काळी मुलखातली पोर, मिठाचीबी कसर करती, असं तुम्ही शेजारणीला सांगायच्या, मला नीट ऐकू येईल अशा बेतानं. एवढे नियम शिकवलेत, पण काळ्या चटणीचा नियम मात्र मला कुणी सांगितला नव्हता. कोण सांगणार? तुमच्या घरात ती फक्त सुतक फिटल्यावरच्या पहिल्या मटणाला लागायची. असल्या गोष्टीचं नाव नव्या सुनेपुढं कोण काढतं?

तुमचा लेक रजा संपवून लढाईवर परत निघाला तो दिवस मला आज घडल्यासारखा दिसतो. मामंजींनी बोकड पाडलंय, भावकी जमलीय, तुम्ही ओसरीवर बायकांच्या गराड्यात. गाडी गाठायची म्हणून हे आधी जेवायला बसलेत, आणि चुलीपाशी मी एकटी. लग्नाला वर्ष झालं होतं, त्यातले रजेचे दिवस सोडले तर आम्ही एकमेकांशी धड बोललोही नव्हतो. बोलायला येत नाही म्हणून माणूस ताट वाढतो. आमच्याकडं लांबच्या वाटेला निघालेल्याला कारळं खायला घालतात, अंगात ऊब राहते म्हणून. माहेरून आणलेल्या कारळ्यांची पुरचुंडी माझ्या ट्रंकेत होती. मी भाजून, कुटून मांडीवर लावली आणि ताट पुढं ठेवलं. त्यांनी पहिला घास खाल्ला, माझ्याकडं बघितलं, आणि बोटं चाटत म्हणाले, आणखी आहे का. आत्याबाई, त्या तीन शब्दांवर मी पुढची चार वर्षं काढली.

तेवढ्यात तुम्ही भाकरीची दुरडी घेऊन आत आलात. ताटात काळं बघितलंत. दुरडी खाली ठेवलीत, पदरानं लेकाची बोटं पुसलीत, एकेक करून, अगदी लहान पोराची पुसावीत तशी. मग माझ्याकडं वळलात आणि आवाज जरासुद्धा न चढवता म्हणालात, “जित्या माणसाच्या ताटात सुतक वाढलंस.” हे हसले, म्हणाले, आई, चांगली लागती गं. पण तुम्ही हसला नाहीत. मला काही कळेना. तुम्ही परत बाहेर गेल्यावर मामंजींनी हळू आवाजात काय ते सांगितलं. पण खोटं कशाला सांगू, मला चूक केल्यासारखं वाटलं नाही. त्यांनी स्वतःहून आणखी मागितलं होतं.

मग एक दिवस लष्कराचा कागद आला. इंग्रजीत होता. शाळेच्या मास्तरांनी वाचला आणि सांगितलं, बेपत्ता. मेला म्हणत नाहीत, सापडत नाही म्हणतात. त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तुम्हाला लेक नव्हती, म्हणून तुम्ही म्हशीला बोलायच्या. धार काढता काढता म्हशीला सांगायच्या, अगं, काळ्यानं खाल्ला माझा ल्योक, आणि कुटणारी बसलीया चुलीपुढं भाकरी थापत. मी गोठ्यात शेण काढायला आले की मीही म्हशीलाच सांगायची, कारळ्यानं माणूस मरत असता तर अख्खा माणदेश ओस पडला असता. बिचारी म्हैस. तिनं आपल्या दोघींचं जेवढं ऐकून घेतलं तेवढं भावकीत कुणी घेतलं नसेल.

वर्ष उलटलं. शेजारच्या गावचा एक शिपाई पाय गमावून परत आला आणि त्यानं ओसरीवर बसून सांगितलं, तो होता त्या ठाण्यावरचं कुणी उरलं नाही, मी डोळ्यांनी बघितलं. तुम्ही त्याला चहा दिलात. तो गेल्यावर भावकीतले थोरले आले आणि ठरलं, दर्भाचा पुतळा करून जाळायचा, दिवस घालायचे. भटजींना सांगावा गेला. मग तुम्ही वर्षभरात पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोललात. दोन गोष्टी मागितल्यात. कपाळाचं कुंकू पुस, आणि सुतक फिटंल त्या दिवशीची काळी चटणी तूच कुट, तूच आणलीस ती या घरात वेळ नसताना. थोरले दारात उभे होते. घरात राहायचं तर घरच्या रीतीनं, न्हाई तर म्हसवडाची वाट धरायची, असं त्यांनी सांगून टाकलं. माहेरी बाप नव्हता, भाऊ दुसऱ्याच्या बांधावर राबत होता. मला जायला जागा नव्हती हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी मी बोलले. “काळी मी कुटीन, पण ती त्यांच्याच ताटात वाढाया. तवर मुसळाला हात लावणार न्हाई, आन् कुंकवालाबी न्हाई.”

माझं गाठोडं बांधलं गेलं. तुम्हीच बांधलंत. ते दारात तसंच पडून राहिलं, कारण मामंजी म्हणाले, उसाची लागण तोंडावर आहे, रानात माणूस कमी आहे, लागण उरकली की बघू. लागण उरकली, पण विषय परत निघाला नाही. तुम्हीही काढला नाहीत. एका सकाळी बघते तर गाठोडं सोडून लुगडी परत दांडीवर टाकलेली. का, ते मी विचारलं नाही आणि आता तुम्ही सांगणार नाही. पण सुतक फिटलं त्या दिवशी काळी तुम्हीच कुटलीत. एकेका घावाला ‘अरं माझ्या बाळा’ म्हणत कुटलीत, आणि पंगतीला वाढलीत, आणि स्वतः खाल्लीत. मी कुंकू लावून, त्याच चुलीपाशी, कोरडी भाकरी खाल्ली. भावकीतल्या बायका मला हडळ म्हणाल्या. म्हणू देत. तुमचा मला तेव्हा इतका राग आला होता की तुमच्या रडण्याचीही कीव आली नाही.

पुढं इटलीतून कार्ड आलं, कैदेतून. बरेच महिने वाटेत फिरून आलेलं, चार ओळींचं. जिवंत आहे, हात जरा दुखावला आहे, म्हशीला काय झालं, रेडा का पारडी. मी ते ओसरीवर मोठ्यानं वाचलं. तुम्ही म्हणालात, पुन्यांदा वाच. मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लावलंत आणि मग उठून गोठ्यात गेलात, दिवेलागणीपर्यंत बाहेर आला नाहीत. मी जिंकले होते, आत्याबाई. मला गावभर नाचावंसं वाटत होतं. आणि तुम्ही जित्या लेकाचे दिवस घालून, त्याच्या सुतकाचं मटण खाऊन बसला होतात. तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. आज बोलते. मी सुतक ताटात वाढलं म्हणालात ना, मग खाल्लं कुणी?

लढाई संपल्यावर हे परत आले तेव्हा भटजींनी सांगितलं, ज्याचे दिवस घातले त्याला तसंच घरात घेता येत नाही, त्याचा नव्यानं जन्म व्हायला हवा. मग एवढा मिशावाला बाप्या अंगणात पाटावर बसलाय, तुम्ही त्याला न्हाऊ घालताय, कानात नाव सांगताय, जिभेला मध लावताय. सारा गाव बघतोय, कुणी हसतंय, कुणी डोळे पुसतंय. परसात मामंजी मांडी भाजताहेत. लाल चटणी पाट्यावर तयार आहे, तुम्ही पहाटेच वाटून ठेवलेली. हे पंगतीला बसतात, ताटाकडं बघतात आणि म्हणतात, “आई, ती काळी कुठाय, जाताना दिल्याली?” थोरल्यांनी मान खाली घातली. तुम्ही चुलीकडं तोंड करून बसून होतात. तिथूनच, कुणाकडंही न बघता, म्हशीला सांगावं तसं म्हणालात, “उखळ मोकळं हाय. ज्याला कुटायचं त्यानं कुटावं.”

मी कुटली. त्या दिवशी मुसळाचा आवाज वेशीपर्यंत गेला असेल, इतकी जोरात कुटली. वाटीत काढली आणि सवयीनं तुमच्यापुढं धरली. वाटलं, आता तोंड फिरवाल. तुम्ही करंगळी बुडवलीत, जिभेला लावलीत, आणि म्हणालात, मीठ कमी हाय.

तेवढंच. त्याच्यापुढं तुम्ही एक पाऊल सरकला नाहीत. पुढच्या जत्रेला परत मांडीला लाल, कोंबडीला खर्डा, आणि काळी लावायची तर मी माझ्या नवऱ्याच्या ताटात, कोपऱ्यात, वेगळी. शेवटच्या आजारात खाटेवर पडल्या पडल्या यांना बजावलंत, माझ्या सुतकाला काळीच करा, घरची रीत मोडू नका, आन् तिला सांगा. मला सांगितलं त्यांनी. मी ऐकलं. आणि नाही केली.

तुमचं सुतक फिटलं त्या दिवशी मी लाल वाटली, आत्याबाई. मांडीला लाल, तुमच्या हातची असायची तशी, अळणी पाण्यात सैल केलेली. भावकी कुजबुजली, थोरल्यांनी ताटावरून उठायची धमकी दिली. मी सांगितलं, बसायचं तर बसा. काळी मी जित्या माणसासाठी ठेवलीय. ती मेलेल्याला वाढणार नाही, मग ते माणूस कुणी का असेना. सासूची शेवटची इच्छा मोडली म्हणून मला आजही नावं ठेवतात, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. यांचे दात गेलेत आता, तरी मांडीचं मटण बारीक तोडून काळीच मागतात. नातवंडं खातात. नातसून सॉस खाते, उद्या आणखी काही खाईल. या घरात चटणीवरून आता कुणाचं गाठोडं बांधलं जात नाही. ही माझी रीत. तुम्हाला पटायची नाही, ठाऊक आहे मला.

फक्त एक राहिलं. त्या दिवशी पाट्यावरून लाल चटणी वाटीत काढली आणि वाटी घेऊन चुलीकडं वळले. ‘मीठ बघा’ असं तोंडातून निघूनही गेलं. पाट रिकामा होता. मग मीच करंगळी बुडवली, वाटी तशीच पंगतीला नेली, आणि सगळे निमूट जेवले. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तुमचे कागद मीच वाचून दाखवायची, त्यामुळं हा कागद काही तुमच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून लिहिते. त्या दिवशी मीठ खरंच कमी होतं.