मागच्या बाकावरून वाचता येईल अशी पाटी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा पाट्या रंगविणे (आता बंद), गावभर 'पेंटर' म्हणूनच ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. हात थरथरतो, डोके थरथरत नाही. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नी आतल्या खोलीत दुपारची पडली आहे.

कलम १. राहते घर, तीन खोल्या व मागचे अंगण, ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. माझ्यामागे ते पत्नीच्या तहहयात वापरात राहील. तिच्या हयातीत ते कोणी विकू नये, गहाण टाकू नये आणि रंगरंगोटीच्या नावाखाली भिंतींवरच्या पाट्या काढू नयेत. तिच्यानंतर घर लेक व मुलगा यांचे निम्मे-निम्मे.

कलम २. त्या पाट्यांबद्दल सांगणे भाग आहे. गेल्या तीन वर्षांत मी घरभर पाट्या लावल्या. 'साखर.' 'मीठ.' 'न्हाणीघर डावीकडे.' 'गॅस बंद केला का?' मुलगा म्हणाला, "बाबा, हे घर आहे की किराणा दुकान? रिटायर झालात तरी तुमचे हात काही गप्प बसत नाहीत." मीही हसलो. मुलांनो, त्या पाट्या तुमच्या आईसाठी आहेत. तिला विसरण्याचा आजार आहे. आता साखरेचा डबा कुठला ते आठवत नाही, पण वाचता येते. चौतीस वर्षे शाळेत मुलांना शिकवलेली बाई आहे ती.

आजार कळला त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर तिने माझा हात धरून वचन घेतले. म्हणाली, "पोरांना सांगायचं नाही हं. मग ती मला बघायला येतील, भेटायला नाही." मी वचन दिले आणि पाळले. लेक, तू फोन केलास की मीच बडबडत सुटायचो, आईला बोलू द्यायचो नाही. "बाबा, तुम्ही आईला तोंडच उघडू देत नाही," म्हणून चार महिने तू माझ्याशी अबोला धरलास. तुझे बरोबर होते. पण तिला तुझे नाव पटकन सुचत नव्हते आणि ते तुला कळू द्यायचे नव्हते. आता वचन घेणारीच ते विसरली आहे. म्हणून काही ते फिटत नाही. मी ते आज जाणूनबुजून मोडत आहे, कारण मी गेल्यावर तिच्या वतीने बोलणारे कोणी उरणार नाही.

कलम ३. बँकेतील शिल्लक आधी तिच्या औषधपाण्याला व देखभालीला वापरावी. व्यवहार मुलाने बघावा, दवाखान्याचे निर्णय लेकीने घ्यावेत. एकमेकांच्या कामात नाक खुपसू नये. सकाळी येणाऱ्या मावशींना सगळे पहिल्यापासून ठाऊक आहे आणि त्यांनी कोणाजवळ चकार शब्द काढला नाही. त्यांना काढू नये आणि पगार दरवर्षी वाढवावा.

कलम ४. उद्या ती घराबाहेर भटकू लागली, किंवा तुमच्याच्याने निभेना, तर तिला वृद्धांच्या चांगल्या निवासात ठेवावे. तेव्हा दोघांनी अपराधी वाटून घेऊ नये. तशी माझी लेखी परवानगी समजावी. फक्त पाट्या सोबत न्याव्यात आणि याच क्रमाने लावाव्यात.

कलम ५. ब्रश, रंगांचे डबे व फूटपट्टी मुलाला. त्याने आपल्या पाट्यांच्या दुकानात अक्षरे कापायचे मशिन आणले त्या दिवशी मी दुकानातून न जेवता उठून आलो आणि पुढे दोन वर्षे त्याच्या दुकानाची पायरी चढलो नाही. ते माझे चुकले. आता माझा ब्रश सरळ चालत नाही. बाळा, यापुढच्या पाट्या तूच कर. मशिनवर केल्यास तरी चालेल, अक्षरे तेवढी मोठी ठेव.

कलम ६. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याला काहीही देऊ नये. दुधात पाणी घालून 'अस्सल दूध' अशी पाटी मागायला आला होता. मी ती रंगवली नाही, तेव्हापासून तो मला ओळख दाखवत नाही. चाळीस वर्षे मी पाटीवर खोटे लिहिले नाही.

कलम ७. हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट बघत कपाटात पडणार नाही. येत्या रविवारी दोघांना जेवायला बोलावले आहे, तेव्हा मीच वाचून दाखवीन. ती शेजारी बसलेली असेल. तिला बघायला नव्हे, भेटायला यायचे कसे, ते त्या दिवसापासून शिकून घ्या. मला अजून थोडा वेळ आहे, मी शिकवीन. शेवटचे कलम मात्र मोठ्याने वाचणार नाही. ते दोघांनी हातात घेऊन वाचावे.

कलम ८. माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेली एक पाटी आहे. मी गेल्याचे तिला एकदा नीट सांगा, तो तिचा हक्क आहे. तिला रडू द्या. मग ती विसरेल आणि विचारेल, "हे कुठे गेले?" तेव्हा पुन्हा सांगू नका. दर वेळी तिला ते नव्याने कळेल, आणि मला ते सोसवणार नाही. ती पाटी काढा आणि तिच्या पलंगासमोर लावा.

तिची-माझी पहिली भेट पाटीवरूनच झाली. शाळेची पाटी सांगायला ती दुकानात आली होती. मी नमुना दाखवला, तर म्हणाली, "पेंटर, सुंदर आहे हो, पण मागच्या बाकावरून वाचता येणार नाही." तेव्हापासून मी प्रत्येक पाटी दहा पावले मागे जाऊन वाचली.

ही पाटी हात थरथरायला लागण्याआधी करून ठेवली आहे. तिच्यावर लिहिले आहे :

'दुकानात गेलो आहे. संध्याकाळी येतो. तू जेवून घे.'

खोटी म्हणाल तर आयुष्यात ही एकच. अक्षरे चार इंची आहेत. पलंगावरून वाचता येतात, मी झोपून पाहिले आहे.

सही : पेंटर

आम्हा दोघांसमक्ष सही केली :
१. समोरचे औषधांचे दुकानदार
२. निवृत्त पोस्टमन, शेजारी (चष्मा घरी राहिल्याने त्यांना सर्व कलमे वाचून दाखवली, आठवे त्यांनी पुन्हा वाचायला लावले)

ठिकाण : राहते घर, 'जेवणाचे टेबल' अशी पाटी असलेले टेबल
दिनांक : तीन मार्च, सोमवार