वाकडं कापून दाखवा

४ फेब्रुवारी
मावशींनी आज पडद्याचं अख्खं कापड डाव्या हाताने कापलं. खडूच्या रेघेवरून, सरळ. तोंडाची टकळी चालूच. आणि मी कपाळाला हात लावून बसले! मला जिद्दीवर छोटी फिल्म करायचीय, आणि ही बाई शिकून मोकळी. अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला, तेव्हा मी नव्हते. धडपड आणू कुठून?

म्हटलं, "मावशी, सुरुवातीला कसं कापायचात? तसं एकदा दाखवा ना."

"मुद्दाम वाकडं? अगं, हात वळायचा नाही माझा."

वळला. "आणखी थोडं वाकडं" — मीच म्हणत होते.

५ फेब्रुवारी
वाकडं आधी जोडलं, सरळ नंतर. फिल्म एकदम उभी राहिली. सरळ कापतानाचा नुसता हात ठेवला, कारण तोंड बडबडत होतं. हे सगळं एकाच दिवशीचं आहे, असं कुठे लिहिलं नाही. सगळेच करतात — असं म्हणून बघितलं. बरं काही वाटलं नाही.

१९ फेब्रुवारी
वाचनालयाच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली, इंटरनेटवरही टाकली. लोकांनी डोळे पुसले. मावशी पहिल्या रांगेत, सुनेला कोपराने ढोसत — "बघ, मीच ती."

मालकही आले होते. झटक्याआधी मावशी त्यांच्याच दुकानात पडदे, सोफ्याची कव्हरं कापायच्या. डावा हात बसला की कटिंगचं टेबल तुमचंच, असं त्यांनी कबूल केलंय. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "तो सरळ कापणारा हात कोणाचा होता हो?"

मावशींचाच, म्हटलं. ते न पटल्यासारखे हसले. मीही हसले. का हसले मी?

२३ फेब्रुवारी
टेबल गेलं. मावशींचा फोन होता. "मालक म्हणतात, कापड महाग असतं, तुम्ही आपली बसून बटणं लावा. फिल्ममध्ये वाकडं कापलेलं बघितलं म्हणे."

म्हटलं, त्यांच्यासमोर कापून दाखवा.

"जन्म गेला तिथे कापण्यात. आता परीक्षा देऊ?"

आवाज अगदी बारीक झाला होता. मी त्यांचं टेबल घालवलं. मालकांना खरं सांगायला हवं. पण मग फिल्म खोटी ठरणार, आणि परवाच ती स्पर्धेत निवडली गेलीय.

२४ फेब्रुवारी
नाही गेले. कपाट आवरलं. नीट होतं तेही पुन्हा आवरलं. लाज वाटते.

२६ फेब्रुवारी
गेले एकदाची. लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि मूळ चित्रण जसंच्या तसं लावलं. मावशी सरळ कापताहेत — हात, चेहरा, बडबड, सगळं. मग दुसरा तुकडा, आणि त्यात माझा आवाज दुकानभर — "आणखी थोडं वाकडं." शिलाई मशिनं थांबली. बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

मालक म्हणाले, "बिचारीला तोंडघशी पाडलंत की हो. आणि मलाही." मावशींना मी स्वतः फोन करतो, म्हणाले.

घरी येऊन फिल्म इंटरनेटवरून काढून टाकली. स्पर्धेतूनही नाव मागे घेतलं. निदान एवढं तरी नीट केलं. जेवण मात्र गेलं नाही.

२७ फेब्रुवारी
मावशींचा फोन. "सोमवारपासून टेबलावर उभी राहतेय. पण माझी फिल्म कुठे गेली गं? इस्पितळात व्यायाम शिकवते ना, ती बाई नव्या पेशंटना तीच दाखवायची. वाकडं कापलेलं बघून त्यांना धीर यायचा. तेव्हा मी खरंच तशीच कापायचे. तू बघितलं नाहीस, म्हणून ते खोटं? काढताना मला विचारलंस?"

नाही विचारलं. जोडतानाही विचारलं नव्हतं.