टेम्पोच्या छपराला बांबू नको

अहो,

राधाला शेजारी कमलाबाईंकडे ठेवलंय. पोरीला लागलेलं नाही. भात झाकून ठेवलाय, दोघं जेवून घ्या.

सकाळी तुम्ही चहाला गेलात आणि बुधाजी हप्ता मागायला आला. टेम्पोला ताडपत्री नुकतीच बांधून झाली होती, ती त्याने सुऱ्याने उभी फाडली. राधा ताडपत्रीखालीच बसली होती, तिची वेणी अर्धी कापली गेली. गिरणीच्या संपात वर्षभर आपल्या घरी जेवलेला माणूस! मी छपराचा बांबू उपसला आणि घातला त्याच्या डोक्यात. तो येणार हे तुम्हाला ठाऊक होतं का, ते आज विचारत नाही.

बाईने मारलं हे तो मेला तरी सांगणार नाही, तुमचंच नाव घेईल. म्हणून मी आपणहून चौकीवर चाललेय. मागे येऊ नका.

माहीमच्या जत्रेतला धंदा चुकवू नका, टेम्पो घेऊन जा. राधा तिथे चार रात्री त्याच छपराखाली निजणार, तेव्हा प्लॅस्टिक नको, जाड कॅनव्हासच घ्या. जुनं असलं तरी चालेल. पण स्वस्त पडतो म्हणून परत बांबू आणू नका, लोखंडी पाइप घ्या. बांबू दुसऱ्याच फटक्याला मोडला.

तुळसा